घर नंतर, चाके आधी

रत्नागिरी, प्रतिनिधी

दिवाळीच्या सुट्या लागल्या की गणपतीपुळे, गुहागर, आंजर्ले या भागांत खोली मिळणे कठीण होऊन बसते. अशा वेळी मोटारीमागे जोडून नेता येईल असे दोन माणसांपुरते झोपण्याचे घर असते तर, असा विचार हौशी प्रवाशांच्या मनात येतोच. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यानंतर फिरत्या घराची कल्पना शहरी वाचकांच्या परिचयाची झाली. मात्र बसएवढी सुसज्ज कॅराव्हॅन विकत घेणे सर्वांच्या आवाक्यातले नाही. त्यामानाने दोन चाकांच्या ट्रेलरवर प्लायवूडचे छोटे घर उभारणे हा सुताराच्या मदतीने, स्वतःच्या हातांनी करण्याजोगा उद्योग आहे. इंटरनेटवर त्याचे आराखडे मुबलक मिळतात. पण त्यांतील बहुतेक आराखडे जमिनीपासून दोन फूट वर सुरू होतात आणि खरी अडचण त्या दोन फुटांतच असते.

या घराला ‘टिअरड्रॉप’ म्हणतात. बाजूने पाहिल्यास ते अश्रूच्या थेंबासारखे दिसते: पुढे गोलाकार, मागे निमुळते. अमेरिकेत १९३० च्या दशकात त्याचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा सहज मिळू लागला आणि ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ या मासिकाने १९४७ मध्ये घरी बांधता येईल असा आराखडा छापला. आत फक्त अंथरूण आणि मागचे झाकण वर उचलले की स्वयंपाकाचा ओटा, एवढाच त्याचा संसार. आठ फूट लांब आणि चार फूट रुंद हे त्याचे नेहमीचे माप प्लायवूडच्या तक्त्यावरूनच ठरले आहे. आपल्याकडेही प्लायवूडचा तक्ता त्याच मापाचा मिळत असल्याने वरच्या घराच्या बाबतीत कोकणातल्या सुताराला काहीच परके वाटणार नाही.

परके वाटते ते खालचे वाहन. अमेरिकेत आठ बाय चार फुटांचा सामानवाहू ट्रेलर सुट्या भागांच्या स्वरूपात खोक्यात भरून दुकानात विकला जातो. घरी नेऊन नटबोल्टांनी जोडायचा आणि त्यावर घर बांधायचे. रत्नागिरीत असे खोके मिळत नाही. इथे डोळ्यांसमोर येतात ते पॉवर टिलरमागचे ट्रेलर, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या किंवा फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये मागणीनुसार वेल्डिंग करून दिलेले सांगाडे. पॉवर टिलरचा ट्रेलर दिसायला नेमका हवा तेवढा असतो, किंमतही परवडते. पण तो शेताच्या बांधावरून ताशी पंधरा-वीस किलोमीटरने जाण्यासाठी केलेला असतो. त्याला अनेकदा पाटे नसतात आणि जोडणी साध्या खिळीची असते. महामार्गावर मोटारीमागे तो जोडणे म्हणजे बैलगाडीचे जू मोटारीला बांधण्यासारखे आहे.

कागदपत्रांचा घाट

सांगाडा कुठूनही आणला, तरी पहिला प्रश्न कायद्याचा आहे आणि अनेक जण तो शेवटी विचारतात. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील ‘मोटार वाहन’ या शब्दाच्या व्याख्येतच ट्रेलरचा समावेश आहे. त्याला इंजिन नसले तरी कायद्याच्या दृष्टीने तो स्वतंत्र मोटार वाहन आहे. साहजिकच सार्वजनिक रस्त्यावर आणण्यापूर्वी त्याची नोंदणी हवी, तृतीय पक्षाचा विमा हवा. केंद्र सरकारच्या ५ नोव्हेंबर २००४ च्या अधिसूचनेत खासगी वापरासाठीचा कॅम्पर ट्रेलर बिगर-परिवहन वाहनांच्या यादीत आहे. म्हणजे असे वाहन कायद्याला अमान्य नाही. प्रश्न आहे तो नोंदणीपर्यंत पोहोचण्याचा.

नोंदणीच्या अर्जासोबत विक्रेत्याचे विक्री प्रमाणपत्र म्हणजे नमुना २१ आणि उत्पादकाचे रस्तायोग्यतेचे प्रमाणपत्र म्हणजे नमुना २२ लागते. ते देण्याचा अधिकार ज्याच्या वाहनाच्या नमुन्याला पुण्यातील एआरएआय किंवा सीआयआरटी यांसारख्या चाचणी संस्थेची मान्यता आहे, त्याच उत्पादकाला असतो. वर्कशॉपवाल्याने सांगाड्यावर ठोकून दिलेला चेसिस क्रमांक या कागदांची जागा घेऊ शकत नाही. थोडक्यात, स्वतः बांधायचे ते वरचे घर. खालचा ट्रेलर मान्यताप्राप्त उत्पादकाकडून, पूर्ण कागदपत्रांसह विकत घेणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. तो वर्कशॉपच्या सांगाड्यापेक्षा महाग पडतो, हे खरे. परंतु नोंदणी नसलेल्या ट्रेलरचा विमा उतरत नाही आणि घाटात समोरच्या दुचाकीला धक्का लागला तर भरपाईचा सारा भार मालकाच्या खिशावर येतो.

त्यानंतरचा टप्पा बदलांचा. कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कठोर अर्थ लावला आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. उघड्या हौद्याचा म्हणून नोंदलेल्या ट्रेलरवर घर बसवणे, अ‍ॅक्सल सरकवणे, दांडा लांबवणे हे सर्व बदलच आहेत. घर बोल्टांनी बसवले आहे, ते तर सामान आहे, हा युक्तिवाद चहाच्या टपरीवर बरा वाटतो. प्रत्यक्षात आराखडा, मापे आणि अंदाजे वजन घेऊन एमएच ०८ च्या कार्यालयात आधी जाणे आणि लेखी उत्तर मिळवणे श्रेयस्कर. त्याहून चांगला उपाय म्हणजे अ‍ॅक्सलची जागा व दांड्याची लांबी उत्पादकाकडूनच, नोंदणीपूर्वी, हवी तशी करून घेणे. म्हणून तांत्रिक हिशेब ट्रेलरची मागणी नोंदवण्याच्या आधीच झालेला असावा.

पाचशे किलोंचा हिशेब

हा हिशेब वजनापासून सुरू होतो. १८ मिलिमीटर जाडीचा प्लायवूडचा एक तक्ता सुमारे ३५ किलो भरतो, १२ मिलिमीटरचा २३ किलो. तळाला एक जाड तक्ता, भिंतींना दोन मध्यम, छताला व आतल्या आडभिंतींना पातळ तक्ते धरले तर केवळ लाकूड १३० किलोंच्या घरात जाते. बाहेरून एक मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लावल्यास आणखी २८ ते ३० किलो. सांगाडा, अ‍ॅक्सल आणि चाके मिळून दोनशे किलो. गादी, बॅटरी, वीस लिटर पाणी, शेगडी, भांडी आणि किरकोळ सामान शे-सव्वाशे किलो सहज खाते. बेरीज पाचशे किलोंच्या आसपास येते. हौसेपोटी फर्निचरचा प्लाय जाड घेतला, छतावर सामानाचा पिंजरा लावला, की ती सहाशेकडे सरकते.

एवढे वजन कोणती मोटार ओढू शकेल, याचे उत्तर इंजिनाच्या ताकदीत शोधण्याचा मोह होतो. ते ब्रेकमध्ये शोधले पाहिजे. ब्रिटनमध्ये स्वतःचे ब्रेक नसलेल्या ट्रेलरचे वजन मोटारीच्या वजनाच्या निम्म्याहून किंवा ७५० किलोंहून, यांपैकी जे कमी असेल त्याहून, अधिक असता कामा नये असा नियम आहे. तोच दंडक इथे लावला तर साडेसातशे किलोंच्या छोट्या मोटारीच्या वाट्याला जेमतेम पावणेचारशे किलो येतात. दीड-पावणेदोन टनांच्या जीपवजा गाडीला पाचशे किलो झेपतात. मोटारीच्या माहितीपुस्तिकेत ओढण्याची मर्यादा दिलेली असेल तर अर्थात तीच अंतिम. ट्रेलर ओढू नये असे पुस्तिकेत लिहिले असेल, तर हा विषय तिथेच संपतो.

अ‍ॅक्सल कुठे हवा?

सगळ्या बदलांत महत्त्वाचा बदल हा आणि बाहेरून पाहणाऱ्याला तो कधी दिसतही नाही. ट्रेलरच्या पुढच्या दांड्याचे टोक मोटारीच्या हुकावर काही भार टाकते. हा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. तो कमी झाला की ट्रेलर वेगात शेपटी हलवू लागतो. हेलकावे वाढत जातात आणि शेवटी तो मोटारीलाही आपल्याबरोबर रस्त्याबाहेर ओढतो.

सामानवाहू ट्रेलरमध्ये माल पुढे-मागे सरकवून हा तोल साधता येतो. टिअरड्रॉपमध्ये ती सोय नाही. त्याचा ओटा, शेगडी, पाण्याचा कॅन आणि शिधा हे सारे जड सामान शेपटाला असते. साध्या ट्रेलरवर मापात बसले म्हणून घर ठेवून दिले, तर तोल मागे जाणारच.

एक उदाहरण घेऊ. आठ फुटी घराचे वजन ५०० किलो, पुढचा दांडा १.२० मीटर आणि घराचा तोलबिंदू जवळपास मध्यावर, म्हणजे हुकापासून २.४० मीटरवर आहे. अ‍ॅक्सल त्याच्या मागे केवळ १० सेंटीमीटरवर असेल तर हुकावर २० किलो भार येतो. एकूण वजनाच्या अवघा चार टक्के. त्यात ओट्याखाली ४० किलोंचे पाणी व शिधा भरला, की तो भार चार किलोंवर घसरतो. अशी गाडी हातखंब्यापर्यंतही नेऊ नये. तोच अ‍ॅक्सल तोलबिंदूच्या ३३ सेंटीमीटर मागे घेतला, तर सुरुवातीचा भार ६० किलो, म्हणजे १२ टक्के होतो आणि ४० किलोंची भर पडल्यावरही ४९ किलो उरतो. फरक फक्त २३ सेंटीमीटरांचा आहे. दांडा दीड-दोन फुटांनी लांबवला तर ट्रेलरचे हेलकावे आणखी कमी होतात. शिवाय आखूड ट्रेलर रिव्हर्स घेताना चटकन दुमडतो, ती कटकटही कमी होते. तथापि दांडा लांबवला की हुकावरील भार पुन्हा मोजावा लागतो आणि दांड्याचे चॅनलही त्या प्रमाणात भक्कम घ्यावे लागते.

हा भार मोजण्यासाठी मोठ्या यंत्राची गरज नाही. माणसाचे वजन करण्याचा घरगुती काटा पुरतो. सपाट जागी चाकांना अडण लावावी, काट्यावर ठोकळा ठेवून दांड्याचे टोक मोटारीच्या हुकाएवढ्या उंचीवर टेकवावे आणि आकडा वाचावा. पाणी, गादी, भांडी सगळे जागच्या जागी असतानाच हे मोजमाप करायचे. एकूण वजनासाठी महामार्गालगतचा वजनकाटा आहेच.

पाटे, चाके आणि गंज

सामानाच्या ट्रेलरचे पाटे पूर्ण भरलेल्या मालासाठी बनवलेले असतात. टिअरड्रॉप मात्र कायम जवळपास त्याच वजनाने धावतो. टनभर माल पेलणाऱ्या पाट्यांवर पाचशे किलो ठेवले तर ते दबतच नाहीत आणि प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट प्लायवूडच्या सांध्यांना बसतो. यासाठी एखादा पाटा काढून टाकण्याची प्रथा आहे. त्याने गाडी मऊ होते, पण भारक्षमताही त्याच प्रमाणात उतरते, हे विसरून चालत नाही. वजन ठरवून पाटे त्याच मापाचे मागवणे अधिक सरळ.

चाकांच्या बाबतीत परदेशी आराखड्यांतली आठ इंची चाके डोळे मिटून बाजूला ठेवावीत. ती आपल्या खड्ड्यांत शिरली की बाहेर येत नाहीत. बारा इंची चाके लहान मोटारींच्या आणि टाटा एससारख्या मालवाहू गाड्यांच्या मापाची असल्याने त्यांचे टायर खेडोपाडी मिळतात. मोटारीची स्टेपनी ट्रेलरला बसणार नसेल, तर ट्रेलरचे जादा चाक वेगळे न्यावे लागते. चार मोटारीची, दोन ट्रेलरची, हा हिशेब घरून निघतानाच केलेला बरा. अर्थात सहाच्या पुढे सातवे म्हणजे मोटारीची स्टेपनी आलीच.

कोकणातला खरा शत्रू गंज आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेले महिने खारा वारा असतो. परदेशी पुस्तकांत चौकोनी पाइपाच्या सांगाड्याचे कौतुक असते. इथे मात्र पाइपात शिरलेले पाणी बाहेर पडत नाही आणि सांगाडा आतून कुजत जातो. रंग शाबूत, लोखंड संपलेले, असा प्रकार. त्यापेक्षा उघडे ‘सी’ चॅनल बरे. ते चारी बाजूंनी दिसते, घासता येते, रंगवता येते. वितळलेल्या जस्तात बुडवून गॅल्व्हनायझिंग केलेला सांगाडा सर्वांत टिकाऊ. मात्र त्यात कुठे बंद पाइप असेल तर हवा व पाणी निघून जाण्यासाठी आधीच छिद्रे पाडून घ्यावी लागतात, अन्यथा अडकलेल्या वाफेने पाइप जस्ताच्या कढईतच फुटू शकतो. गॅल्व्हनायझिंगनंतर वेल्डिंग केले की तेवढा भाग पुन्हा उघडा पडतो. त्यामुळे सर्व कंस, सर्व भोके आधी. भोके पाडताना चॅनलच्या वरच्या-खालच्या पट्टीला हात लावू नये, उभ्या भागाच्या मध्यावर पाडावीत. वाकण्याचा ताण कडांच्या पट्ट्यांवर येतो आणि दांडा तुटतो तो बहुधा अशाच एखाद्या भोकातून.

मधोमध दुमडणारा ट्रेलर हाती आला असेल, तर बिजागरीचा सांधा कायमचा पक्का करून घेतला पाहिजे. घराच्या चार फूट उंचीच्या भिंती तळाला नीट बोल्ट केल्या, की त्याच उभ्या तुळयांचे काम करतात. सांगाडा आणखी जड करण्याची गरज उरत नाही. हे न समजल्यामुळे खाली दुहेरी लोखंड घालून शे-दीडशे किलो वाढवलेली कामे पाहायला मिळतात. वरच्या घरासाठी रत्नागिरीकराला एक हक्काची सोय आहे. मिरकरवाड्याच्या बंदरात फायबरच्या होड्यांचे काम जाणणारे कारागीर आहेत. प्लायवूडच्या सांध्यांवर आणि कडांवर त्यांच्या हातचा फायबरचा थर पावसाला पत्र्यापेक्षा अधिक काळ तोंड देईल.

घाट आणि जेट्टी

कोल्हापूरकडे जाणाऱ्याला साखरप्यानंतर आंबा घाट चढावा लागतो, चिपळूणहून कराडकडे जाताना कुंभार्ली. चढताना इंजिन दमते, इतकेच. परीक्षा उतरताना असते. ब्रेक नसलेला ट्रेलर उतारावर मोटारीला मागून ढकलत राहतो आणि मोटारीचे ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. त्यामुळे वजन मर्यादेत असले तरी ट्रेलरला धक्क्याने लागणारे ब्रेक बसवून घेणे शहाणपणाचे. मोटार मंदावली की दांड्याच्या तोंडाशी असलेली जोडणी दबते आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. उतरताना गिअर खालचाच हवा. ट्रेलर हेलकावू लागल्यास ब्रेक दाबू नयेत. स्टिअरिंग सरळ धरून पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून उचलावा.

जोडणी ५० मिलिमीटरच्या गोळ्याची असावी. ट्रॉलीची खिळी मोटारीला लावू नये, कारण तिच्यातली ढिलाई प्रत्येक गिअरला हिसका देते. जोडणीखाली दोन साखळ्या एकमेकींना छेदून लावल्या, की गोळा सुटलाच तर दांड्याचे तोंड रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडते. दिव्यांसाठी सांगाड्याचा ‘अर्थ’ न वापरता वेगळी तार ओढावी. खाऱ्या हवेत गंजलेल्या बोल्टामधून वीज जाणे बंद होते आणि इंडिकेटर भलताच लागतो. नंबरप्लेटबाबत कायद्याची तरतूद फारशी कोणाला ठाऊक नसते. ट्रेलरचा स्वतःचा क्रमांक त्याच्या बाजूवर असतो, तर मागे ओढणाऱ्या मोटारीचा क्रमांक लावावा लागतो.

किनाऱ्याने उत्तरेकडे जायचे तर जयगड-तवसाळ आणि धोपावे-दाभोळ या फेरीबोटींवर वाहने चढवता येतात. भरती-ओहोटीप्रमाणे बोटीच्या फळीचा उतार बदलतो. अ‍ॅक्सल मध्यावर असलेल्या ट्रेलरचे लांब शेपूट अशा फळीवर हमखास घासते. अ‍ॅक्सल मागे घेण्याचा हा आणखी एक फायदा. बोटीतून उतरल्यावर चाकांच्या हबवर खारे पाणी उडाले असेल तर ते गोड्या पाण्याने धुवावे आणि बेअरिंगचे ग्रीस लवकर बदलावे. पुळणीवर गाडी न नेलेलीच बरी; नुसत्या मोटारीही तिथे रुततात.

राहता राहिला मुक्काम. चार फूट रुंदीच्या या पेटीत दोन माणसांच्या श्वासानेच भिंती ओल्या होतात. एकमेकींसमोर दोन झडपा आणि छताला एक, एवढी हवा झोपतानाही खेळती हवी. शेगडी कायम बाहेरच्या ओट्यावर पेटवावी, जनरेटर तर जवळही नको. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या कॅराव्हॅनमध्ये दोघांचा मृत्यू झाला. जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड आत साठल्याने तो झाल्याचे तपासणीत निष्पन्न झाले. तो वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो.

सारे जुळून आल्यावर पहिली फेरी सामानासह, पण मुक्कामाविना करावी. रत्नागिरीतून हातखंब्यापर्यंत जाऊन परतणे पुरेसे आहे. थांबल्याबरोबर दोन्ही हबना हात लावून पाहावा. एक हब दुसऱ्यापेक्षा तापलेला असेल तर बेअरिंग फार आवळले आहे. सांगाड्याचे, पाट्यांचे आणि चाकांचे सर्व नट पुन्हा आवळावेत, कारण नवे नट पहिल्या पन्नास किलोमीटरांत सैल होतातच. दुसरी फेरी आरे-वारे मार्गे गणपतीपुळ्याची. तिथले चढ-उतार आणि वळणे निभावली, नट जागचे हलले नाहीत आणि काट्यावरचा आकडा तोच राहिला, की मग आंबा घाटाचा विचार करता येईल.